तयार झालेल्या घरगुती डीव्हीडीतील चित्रण कसे बदलावे? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील असंख्य घरांत कपाटाच्या वरच्या खणात लग्न, मुंज, बारसे, साठीशांत, शाळेचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगांच्या डीव्हीडी जपून ठेवलेल्या असतात. नौपाड्यातील राहत्या घरी जुने चित्रण संगणकावर उतरवून देण्याचे काम मी करतो. त्या निमित्ताने घोडबंदर रस्त्यापासून नेरूळपर्यंतचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असा प्रयत्न केला आहे. एखाद्या मुद्द्याचा तपशील दुसरीकडे आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तयार डीव्हीडी संगणकात घातली आणि नको असलेला भाग तिच्यावरूनच पुसून टाकला, असे करता येते का?

येत नाही. घरी किंवा स्टुडिओत तयार झालेली डीव्हीडी बहुतेक वेळा एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर असते. अशा डिस्कमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेखन करताना लेसर त्या थरावर कायमच्या खुणा उमटवतो. त्या खुणा पुन्हा कोऱ्या होत नाहीत. त्यामुळे 'डीव्हीडी एडिट करणे' याचा व्यवहारातील अर्थ असा, की डिस्कवरील सर्व फाइल्स आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायच्या, बदल त्या प्रतीत करायचे आणि हवी असल्यास नवी डिस्क लिहायची. मूळ डिस्क जशीच्या तशी राहते आणि माझ्या मते ही या पद्धतीची सर्वांत चांगली बाजू आहे, कारण कापाकापीत कितीही चुका झाल्या तरी पुन्हा मुळाकडे जाता येते.

२. माझी डिस्क 'आरडब्ल्यू' प्रकारची आहे. तिच्यावर तरी थेट बदल होईल ना?

आरडब्ल्यू डिस्क पुसून पुन्हा लिहिता येते आणि उत्पादक साधारण १००० वेळा पुनर्लेखन शक्य असल्याचे सांगतात. तरीही नेहमीच्या डीव्हीडी-व्हिडिओ पद्धतीने तयार केलेल्या आरडब्ल्यू डिस्कमधून मधलीच पाच मिनिटे काढता येत नाहीत. कोणता प्रसंग डिस्कवर नेमका कोठे आहे, याची नोंद वेगळ्या फाइल्समध्ये असते, आणि मधला भाग गेला की त्या सगळ्या नोंदी चुकतात. म्हणून येथेही फाइल्स उतरवून घेणे, बदल करणे, डिस्क पूर्ण पुसणे आणि नव्याने लिहिणे हाच क्रम राहतो. टीव्हीला जोडायच्या रेकॉर्डरवर केलेले काही ध्वनिचित्रमुद्रण याला अपवाद आहे; त्यासाठी प्रश्न १४ पाहावा.

३. 'फायनलाइझ' झालेली डिस्क म्हणजे काय? आमच्या डिस्कवर अर्धी जागा रिकामी आहे, तेथे नवे चित्रण जोडता येईल का?

लेखन संपल्यावर डिस्कच्या सुरुवातीची आणि शेवटची नियंत्रण-क्षेत्रे लिहून ती बंद करणे म्हणजे फायनलाइझ करणे. हे झाल्याशिवाय साधा प्लेअर बहुधा डिस्क ओळखत नाही, आणि झाल्यावर एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर काहीही भर घालता येत नाही. खालच्या बाजूने पाहिले असता लिहिलेला आणि कोरा भाग यांच्या रंगात फरक दिसतो. बाहेरचे कोरे कडे पाहून लोकांना ती जागा वापरात आणावीशी वाटते, पण बंद झालेल्या डिस्कवर ती जागा असून नसल्यासारखीच असते. नवे चित्रण जोडायचे असल्यास जुने उतरवून घेऊन दोन्हींची मिळून नवी डिस्क करावी लागते (प्रश्न ११).

४. डिस्क उघडली की अनेक फाइल्स दिसतात. त्यांतील नेमकी आमच्या कार्यक्रमाची कोणती?

डीव्हीडी-व्हिडिओ डिस्कमध्ये 'व्हिडिओ टीएस' नावाचे एक फोल्डर असते आणि सगळा ऐवज त्यातच असतो. शेजारी 'ऑडिओ टीएस' दिसल्यास ते जवळजवळ नेहमी रिकामे असते. त्यामुळे 'आवाज उडाला' असे समजून घाबरू नये. आतील फाइल्स तीन प्रकारच्या असतात. व्हीओबी फाइल्समध्ये चित्र, आवाज आणि असल्यास उपशीर्षके एकत्र गुंफलेली असतात. आयएफओ फाइल्समध्ये प्रकरणे कोठे सुरू होतात आणि मेनूतील कोणते बटण कोठे नेते, याची नोंद असते. बीयूपी फाइल्स या आयएफओच्याच राखीव प्रती असतात, म्हणजे एक खराब झाली तर दुसरी कामी येते.

प्रत्येक व्हीओबी फाइल १ जीबीच्या आत ठेवण्याचा नियम असल्याने दोन तासांचा कार्यक्रम चार-पाच तुकड्यांत विभागलेला दिसतो. नावातील शेवटचा आकडा शून्य असेल तर त्या व्हीओबीत मेनू असतो. १ पासून पुढच्या फाइल्समध्ये मुख्य चित्रण असते. हे तुकडे प्रसंगानुसार पाडलेले नसतात. पहिल्या फाइलमध्ये सीमांतपूजन आणि दुसरीत लग्न असे गृहीत धरून एखादी फाइल काढून टाकली, तर मंगलाष्टकाच्या ऐन मध्यावर चित्रण तुटू शकते.

५. सुरुवातीला काय करावे? आणि पैसे न मोजता मिळणारे कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

कोणत्याही कामाआधी संपूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधील हुबेहूब नक्कल, तयार करून ठेवावी. विंडोजवर त्यासाठी इमगबर्न अजूनही पुरेसे आहे. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ मधील असली तरी ते काम चोख करते. प्रतिमा एकदा हार्ड डिस्कवर आली, की मूळ डिस्क पाकिटात परत ठेवावी आणि पुढचे सर्व काम प्रतिमेवरून करावे. बाहेरून जोडायचे डीव्हीडी ड्राइव्ह साधारणपणे ८ पट वेगाचे असतात, त्यामुळे भरलेली डिस्क उतरायला दहा-पंधरा मिनिटे धरावीत. ओरखडे असतील तर कितीतरी अधिक.

पुढे उद्देशानुसार साधन निवडावे. सर्व व्हीओबी तुकडे गुणवत्ता न गमावता एकाच फाइलमध्ये हवे असतील तर मेकएमकेव्ही वापरावे. डीव्हीडीसाठी ते विनामूल्य आहे. फक्त एक बारकावा ध्यानात ठेवावा. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये १२० सेकंदांहून लहान चित्रण वगळले जाते, म्हणून दीड मिनिटाची एखादी छोटी फीत डिस्कवर असल्यास ती मर्यादा आधी कमी करावी. कापण्यासाठी अ‍ॅव्हिडेमक्स किंवा लॉसलेसकट, मेनूसह नवी डीव्हीडी रचण्यासाठी डीव्हीडीस्टाइलर आणि मोबाइल किंवा टीव्हीसाठी लहान फाइल करायची तर हँडब्रेक ही साधने पुरतात. हँडब्रेक प्रत्येक वेळी चित्रण नव्याने एन्कोड करते (म्हणजे उलगडून पुन्हा दाबून साठवते), म्हणून ते शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवावे आणि कापण्यासाठी वापरू नये.

६. व्हीओबी फाइलचे नाव बदलून शेवटी 'एमपीजी' लावले तर काम भागते का?

पुष्कळदा भागते, कारण व्हीओबी हा एमपीईजी-२ (डीव्हीडीवर चित्र साठवण्याची पद्धत) प्रवाहाचाच एक प्रकार आहे. लहानशा कामासाठी ही युक्ती वापरण्यास हरकत नाही. मात्र तुकडे एकेक करून उघडले, तर दुसऱ्या तुकड्यापासून वेळेचा आकडा शून्यापासून सुरू होत नाही. त्यामुळे काही सॉफ्टवेअर कार्यक्रमाची लांबी चुकीची दाखवतात किंवा आवाज सरकवतात (प्रश्न १०). अ‍ॅव्हिडेमक्समध्ये पहिला तुकडा उघडल्यावर पुढचे क्रमाने जोडू का, असे विचारले जाते. तेथे होकार द्यावा.

७. चित्रण कापले की दर्जा घसरतो, असे ऐकले आहे. खरे आहे का?

नुसते कापल्याने दर्जा घसरत नाही. चित्रण पुन्हा एन्कोड केल्याने घसरतो. हा फरक समजला की निम्मे काम सोपे होते.

डीव्हीडीवरील एमपीईजी-२ चित्रणात प्रत्येक फ्रेम (चित्रणातील एकेक स्थिर चित्र) संपूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि तिच्या आसपासच्या फ्रेम्समध्ये आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेमपासून झालेला बदल तेवढाच नोंदलेला असतो. आपल्याकडील पॅल या टीव्ही-पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम्स असतात आणि असा एक गट जास्तीत जास्त १५ फ्रेम्सचा, म्हणजे ०.६ सेकंदाचा असतो. पूर्ण फ्रेमपाशी कापले तर पुढच्या भागाला काहीच इजा होत नाही आणि सॉफ्टवेअर फक्त फाइलची नक्कल करते. चित्राला हातसुद्धा लागत नाही. अ‍ॅव्हिडेमक्समध्ये चित्र आणि आवाज दोन्हीकडे 'कॉपी' हा पर्याय ठेवल्यास आणि वर-खाली बाणांच्या कळांनी पूर्ण फ्रेमवरून पूर्ण फ्रेमवर उडी मारत गेल्यास तासाभराचे चित्रण काही मिनिटांत कापून तयार होते. हेच काम अर्धा दिवस चालले, तर सॉफ्टवेअर पुन्हा एन्कोड करत आहे असे समजावे आणि सेटिंग तपासावे.

काही जण आधी हँडब्रेकमध्ये एमपी४ करतात, ते एडिटरमध्ये नेऊन कापतात आणि त्यातून पुन्हा डीव्हीडी करतात. असे केल्याने चित्रण तीनदा एन्कोड होते. जुन्या हँडीकॅमच्या, हॉलमधील कमी उजेडात घेतलेल्या चित्रणात आधीच दाणे असतात. तीन फेऱ्यांनंतर शालूवरची जर म्हणजे नुसते पिवळे डाग उरतात.

८. पण मला अगदी नेमक्या क्षणी कापायचे आहे. अर्ध्या सेकंदाचा फरकही चालणार नाही, तर?

भाषण किंवा गाण्याच्या बाबतीत ही अडचण खरी असते. गडकरी रंगायतनमधील शाळेच्या कार्यक्रमाची एक डिस्क माझ्याकडे आली होती. एका मुलीचे नृत्य संपताच निवेदिका बोलू लागते आणि दोन्हींमध्ये जेमतेम तीन-चार फ्रेम्सची शांतता होती. अशा वेळी तेवढा जोड एडिटरमध्ये नव्याने एन्कोड करावा लागतो. शॉटकट किंवा केडेनलाइव्ह या विनामूल्य एडिटरांत हवे तेथे कापून, हवे असल्यास चित्र हळूहळू मावळवून, उच्च बिटरेटवर (दर सेकंदाला साठवायच्या माहितीचे प्रमाण जास्त ठेवून) एकदाच निर्यात करावी. एकदाच एन्कोड केल्याने होणारी हानी डोळ्यांना सहसा जाणवत नाही.

बाकी घरगुती चित्रणात ०.६ सेकंदासाठी हट्ट धरू नये, असे मी सर्वांना सांगतो. अक्षता उडाल्यानंतरचा अर्धा सेकंद जास्त राहिला तर कोणाचेही लक्ष जात नाही.

९. कापल्यानंतर जुना मेनू चालत नाही. तो तसाच ठेवता येईल का?

मेनूतील बटणे आयएफओमधील जुन्या नोंदींवर चालतात. मुख्य चित्रण बदलले की 'हळद', 'लग्न', 'स्वागतसमारंभ' ही बटणे भलत्याच ठिकाणी नेतात किंवा प्लेअर अडकतो. डीव्हीडीस्टाइलरमध्ये नवा मेनू तयार करणे हा यावरचा सोपा मार्ग आहे. कापलेली फाइल एमपीईजी स्वरूपात जतन करून आत घ्यावी आणि तिच्या गुणधर्मांत चित्र व आवाज यांसाठी 'कॉपी' निवडावे, म्हणजे नवे एन्कोडिंग टळते. जुन्या मेनूमागचे छायाचित्र हवे असल्यास व्हीएलसी या प्लेअरमध्ये मेनू उघडून त्याची प्रतिमा टिपून घ्यावी आणि तीच पार्श्वभूमी म्हणून वापरावी. एका शीर्षकात, म्हणजे डिस्कवरील एका सलग कार्यक्रमात, ९९ पर्यंत प्रकरणे ठेवता येतात, पण घरगुती डिस्कला दहा-बारा पुरेशी होतात.

जुना मेनू जसाच्या तसा हवा असेल आणि काढायचा भाग नेमका एखादे पूर्ण प्रकरण असेल, तर विंडोजवरील व्हॉबब्लँकर हे जुने साधन त्या खंडाच्या जागी क्षणभराची रिकामी चौकट घालते आणि बाकीची रचना शाबूत ठेवते. हे साधन वापरायला किचकट आहे. दोन-तीन प्रयत्न फसतील असे धरूनच बसावे.

१०. कापल्यावर किंवा जोडल्यावर ओठ आणि आवाज जुळत नाहीत. का?

फरक पहिल्यापासून सारखाच आहे की पुढे पुढे वाढत जातो, हे आधी पाहावे. सारखाच असेल तर तुकडे सुटे उघडल्याचा तो परिणाम असण्याची शक्यता अधिक असते. मेकएमकेव्हीतून एकसंध फाइल काढली की तो सहसा नाहीसा होतो. तरीही राहिलाच, तर अ‍ॅव्हिडेमक्समध्ये आवाज मिलिसेकंदांत मागे-पुढे सरकवण्याची सोय आहे. व्हीएलसीमध्ये चित्रण पाहता पाहता आवाज सरकवून योग्य आकडा आधी शोधावा आणि मग तोच अ‍ॅव्हिडेमक्समध्ये भरावा.

फरक वाढत जात असेल, तर मध्येच खराब झालेल्या जागी काही फ्रेम्स गळाल्या असाव्यात किंवा वेगवेगळ्या गतीची चित्रणे एकत्र केली असावीत (प्रश्न १३). तेथे सरसकट सरकवून उपयोग नाही. प्रत्येक खराब जागेपाशी तुकडा पाडून तो वेगळा जुळवावा लागतो.

११. मुंजीच्या दोन डीव्हीडी आहेत. दोन्ही मिळून एकच करता येईल का?

हे जागेवर आणि बिटरेटवर अवलंबून आहे. एका थराच्या डिस्कवर '४.७ जीबी' छापलेले असते, पण हे मोजमाप ४७० कोटी बाइट्सचे आहे. संगणक त्यालाच सुमारे ४.३८ जीबी म्हणून दाखवतो. 'आकडा जुळत नाही, दुकानदाराने फसवले' अशी तक्रार अनेक जण करतात. ती चुकीची आहे. एकूण बिटरेट सेकंदाला ५ मेगाबिट असेल तर या जागेत सुमारे १२५ मिनिटे बसतात आणि ८ मेगाबिट असेल तर ७८ मिनिटे.

म्हणून दोन्ही डिस्कवरील फाइल्सच्या आकारांची बेरीज ४.३८ जीबीच्या आत असेल, तर प्रश्न ७ मधील पद्धतीने काहीही न गमावता त्या जोडता येतात. बेरीज जास्त असेल तर तीन मार्ग उरतात. नको असलेला भाग कापावा, ८.५ जीबीची दोन थरांची डिस्क घ्यावी किंवा बिटरेट कमी करून सारे पुन्हा एन्कोड करावे. पहिला मार्ग मला सर्वांत पसंत आहे. तासन् तास चाललेल्या आहेरांच्या रांगेतून बरेच काही कमी करता येते, पण ते करण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांना विचारावे. ज्या रांगेला आपण कंटाळतो, तीत त्यांचे आज हयात नसलेले भाऊ-बहीण दिसत असतात.

१२. स्टुडिओने मागे घातलेले चित्रपटगीत काढून तेथे आईने म्हटलेली ओवी घालायची आहे. जमेल का?

जमेल, आणि चित्राचा दर्जाही राखता येईल, कारण चित्र 'कॉपी' ठेवून फक्त आवाजाचा मार्ग बदलता येतो. नवा आवाज ४८ किलोहर्ट्झचा असावा, कारण डीव्हीडीच्या नियमात ४४.१ किलोहर्ट्झ बसत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेली ओवी ऑडॅसिटी या ध्वनी-संपादकात उघडून ४८ किलोहर्ट्झवर निर्यात करावी आणि पुढे एसी-३ या डीव्हीडीच्या ध्वनिस्वरूपात घ्यावी.

मात्र एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मूळ गीत आणि समारंभातील बोलणे एकाच ध्वनिपट्टीत मिसळलेले असेल, तर केवळ गीत काढणे जवळजवळ अशक्य असते. आवाज वेगळे करणारी नवी साधने गायन आणि वाद्ये बऱ्यापैकी वेगळी करतात. तरी सनई, गोंगाट आणि भटजींचे मंत्र एकत्र आले की त्यांचाही गोंधळ होतो. स्टुडिओने गीताखाली मूळ आवाज पूर्णच बंद केला असेल, तर तो या डिस्कमधून परत मिळणार नाही. त्यासाठी मूळ कॅसेटच शोधावी लागेल.

१३. अमेरिकेतील मुलाने पाठवलेली डीव्हीडी आमच्या डीव्हीडीबरोबर जोडली तर चित्र धक्के खात चालते. असे का?

तिकडचे चित्रण एनटीएससी पद्धतीचे, म्हणजे ७२० गुणिले ४८० बिंदूंचे आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम्सचे असते; आपले पॅल ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे आणि २५ फ्रेम्सचे. दोन्ही एका शीर्षकात एन्कोड न करता जोडता येत नाहीत. सर्व चित्रण एकाच पद्धतीत रूपांतरित करून डीव्हीडी करता येते, पण फ्रेम्सची संख्या बदलताना हालचालीत थोडे धक्के राहतातच. दोन वेगळ्या डिस्क ठेवणे किंवा डीव्हीडीचा नाद सोडून दोन वेगळ्या फाइल्स पेनड्राइव्हवर ठेवणे (प्रश्न १७), हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. भारतात विकले गेलेले बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती चालवतात.

१४. हँडीकॅमची छोटी डिस्क आणि टीव्हीजवळच्या रेकॉर्डरची डिस्क संगणक वाचत नाही. त्यांचे काय?

दोन्हींमध्ये बहुधा फायनलाइझ करायचे राहिलेले असते. ८ सेंटिमीटर व्यासाच्या, १.४ जीबीच्या त्या डिस्क ज्या कॅमेऱ्यात भरल्या, त्याच कॅमेऱ्यात त्या बंद करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. कॅमेरा जपून ठेवला असेल आणि त्याचा चार्जर सापडत असेल तर आधी तेच करून पाहावे. कॅमेराच नसेल तर आयसोबस्टर हे सॉफ्टवेअर अनेकदा बंद न केलेल्या डिस्कमधूनही चित्रण काढून देते. ते पूर्णपणे विनामूल्य नाही. छोटी डिस्क खाच असलेल्या, म्हणजे ट्रे बाहेर न येणाऱ्या ड्राइव्हमध्ये कधीही सरकवू नये. ती आत अडकते आणि ड्राइव्ह खोलून काढावी लागते.

रेकॉर्डरवर 'व्हीआर' पद्धतीने भरलेल्या डिस्कमध्ये व्हीओबीऐवजी व्हीआरओ नावाची एकच मोठी फाइल असते. ही पद्धत मुळातच संपादनासाठी आखलेली असल्याने रेकॉर्डरच्या रिमोटने त्याच डिस्कवर भाग लपवणे, पुसणे आणि क्रम बदलणे शक्य होते. प्रश्न २ मध्ये उल्लेखिलेला अपवाद तो हाच.

१५. डिस्कवर ओरखडे आहेत आणि मध्येच चित्र थिजते. तो भाग कापून बाकीचे वाचवता येईल का?

येईल, पण कापण्याआधी जितके वाचता येईल तितके वाचून घ्यावे. मऊ, स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोलगोल पुसू नये. टूथपेस्ट लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी देणार नाही. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती त्यांच्या मधोमध असते, त्यामुळे वरवरचा ओरखडा माहितीपर्यंत पोहोचलेला नसतो, तो फक्त लेसरची वाट अडवतो. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह वाचतो, असा अनुभव वारंवार येतो. म्हणून शेजाऱ्यांचा जुना डेस्कटॉपही वापरून पाहावा. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे साधन आधी सोपे भाग उतरवून घेते आणि अवघड जागांवर नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. अपुरे राहिलेले काम दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालवण्याचीही सोय त्यात आहे.

डिस्कवर चिकटवलेले कागदी लेबल ओढून काढू नये. आपल्याकडील पावसाळ्यात त्याचा गोंद ओलावा धरतो, कागद फुगतो आणि फिरताना डिस्क थरथरते हे खरे; पण ओढल्यास नुकसान अधिक होते.

१६. नवी डिस्क संगणकावर चालते, पण आईच्या जुन्या प्लेअरवर चालत नाही. कोठे चुकले?

पहिली शक्यता अशी, की व्हिडिओ टीएस फोल्डर साध्या डेटा डिस्कसारखे लिहिले गेले किंवा एमपी४ फाइल तशीच टाकली गेली. विंडोज डिस्क पेनड्राइव्हसारखी वापरायची का, असे विचारते. ती पद्धत प्लेअरसाठी कामाची नाही. दुसरी शक्यता लेखनाच्या वेगाची आहे. १६ पट वेगाच्या डिस्कवरही ४ किंवा ८ पट वेगाने लिहावे आणि शेवटी पडताळणी करावी. आमच्याच घरच्या साठीशांतीला मी घाईत पूर्ण वेगाने, पडताळणी न करता लिहिलेली डिस्क पाहुण्यांसमोर लावली आणि ती विसाव्या मिनिटाला थांबली. तेव्हापासून पडताळणी टाळलेली नाही. तिसरी शक्यता बिटरेटची आहे. नियमाने चित्रासाठी ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा असली, तरी जुने प्लेअर घरी लिहिलेल्या डिस्कवर त्या टोकाला अडखळतात. साडेसात-आठच्या आत राहावे.

१७. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नाही. बदललेले चित्रण पेनड्राइव्हवरून टीव्हीवर पाहता येईल का?

येईल. ज्यांच्याकडे प्लेअर उरलेला नाही, त्यांनी नवी डीव्हीडी करण्याच्या फंदात पडूच नये. बहुतेक टीव्ही एच.२६४ प्रकारची एमपी४ फाइल चालवतात. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. रिकामी जागा दिसत असूनही 'फाइल मोठी आहे' असा संदेश येतो तो यामुळे. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा, पण आपला टीव्ही ती पद्धत वाचतो का ते आधी पाहावे. डिस्क उतरवून घेण्यासाठी मात्र एकदा बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह लागेलच. सोसायटीत एकाने घेतला तर दहा घरांचे काम होते.

१८. मोबाइलवर पाहताना हात हलला की कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात आणि माणसे जाड दिसतात.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या कॅमेऱ्यांचे चित्रण इंटरलेस्ड असते. प्रत्येक फ्रेममध्ये दोन क्षणांच्या रेषा आलटून पालटून विणलेल्या असतात. एमपी४ करताना हँडब्रेकमधील डीइंटरलेस फिल्टर लावल्यास रेघा जातात. डीव्हीडीच करायची असेल तर हा फिल्टर लावू नये, कारण डीव्हीडीचा सगळा संच अशा चित्रणासाठीच आखलेला आहे. माणसे जाड किंवा बारीक दिसणे हा चित्राच्या प्रमाणाचा दोष आहे. ४:३ आणि १६:९ या दोन्ही प्रमाणांत पॅल डीव्हीडीवरील बिंदू ७२० गुणिले ५७६ एवढेच असतात. कसे ताणायचे ते एका नोंदीवरून ठरते. ती नोंद दुरुस्त केली की पुरते.

१९. लग्नाच्या चित्रणातून एका व्यक्तीला पूर्णपणे काढायचे आहे. शक्य आहे का?

हा प्रश्न अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळा येतो. घटस्फोट, घरातील वाद, कधी एखादा मृत्यू अशी कारणे त्यामागे असतात आणि मी ती विचारत नाही. तांत्रिक उत्तर असे, की ती व्यक्ती असलेले प्रसंग कापणे सोपे आहे, चौकट मोठी करून तिला काठाबाहेर ढकलणे काही ठिकाणी जमते, आणि गर्दीच्या चालत्या चित्रातून तिला पुसून मागचे दृश्य भरणे खर्चिक असून बहुधा ओळखू येते. चौकट मोठी करताना डीव्हीडीचे मुळातच कमी असलेले बिंदू आणखी कमी होतात, हेही लक्षात घ्यावे.

गोपनीयतेचा एक मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. मेनूतून एखादे प्रकरण दिसेनासे केले म्हणजे ते डिस्कवरून गेले असे नाही. व्हीओबी फाइल थेट उघडणाऱ्याला ते दिसते. कोणाच्या हाती पडू नये असा भाग असेल, तर तो प्रत्यक्ष कापूनच नवी फाइल करावी.

माझी विनंती एवढीच असते, की कापलेली आवृत्ती नातेवाइकांना द्यावी आणि संपूर्ण आयएसओ प्रतिमा एका वेगळ्या हार्ड डिस्कवर, हवे तर दुसऱ्याच्या घरी, ठेवून द्यावी. एका बाईंनी संपूर्ण चित्रण नष्ट करायला सांगितले होते. ती प्रतिमा मी त्यांच्या परवानगीने त्यांच्या धाकट्या बहिणीकडे दिली. सहा वर्षांनी त्यांच्या मुलाने आजोबांचा आवाज ऐकायला मागितला, आणि तो त्याच चित्रणात होता.

२०. लग्नाची डीव्हीडी स्टुडिओने केलेली आहे. ती कापणे किंवा यूट्यूबवर टाकणे कायद्याने चालते का?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्रण केले असेल, तर वेगळा करार नसल्यास काम सांगणाऱ्या व्यक्तीकडेच त्याचा पहिला हक्क असतो. त्यामुळे घरच्या वापरासाठी कापणे किंवा प्रती काढणे यात सहसा अडचण येत नाही. पावतीमागच्या अटी मात्र एकदा वाचाव्यात. स्टुडिओने मागे घातलेल्या चित्रपटगीताचा हक्क यात येत नाही. असे चित्रण यूट्यूबवर चढवल्यास तेथील स्वयंचलित यंत्रणा गीत ओळखते आणि आवाज बंद करणे, जाहिराती लावणे किंवा चित्रण रोखणे यांपैकी काहीतरी हक्कधारकाच्या इच्छेनुसार होते. आवाज बदलण्याची पद्धत प्रश्न १२ मध्ये आहे.

विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडीला यातील काहीही लागू होत नाही. त्यांवर कुलूप असते, आणि हक्कभंगाच्या उद्देशाने असे कुलूप तोडणे २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार गुन्हा आहे. तसल्या डिस्क मी कामासाठी घेत नाही.